दुसरी किल्ली कोणाकडे? पहिल्यांदाच एकटं राहणाऱ्यांसाठी

माझी भाची लातूरहून पुण्याला येतेय. नोकरी हिंजवडीला, पगार बरा, आणि 'मावशी, मला रूममेट नको, मी एकटी राहणार' हे तिनं आधीच जाहीर करून टाकलंय. ताईचा फोन आला तो रडवेला. 'तूच समजाव तिला.' बारा वर्षं कोथरूडमध्ये एकटीनं राहणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. मी काही समजावलं नाही, एक यादी करून दिली. ती तिच्या मैत्रिणींनी मागितली, मग ऑफिसातल्या एकानं मागितली. त्याचा नुकताच घटस्फोट झालाय आणि चाळिसाव्या वर्षी त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागताहेत. म्हणून ती यादी आता सविस्तर लिहून काढते.

गॅस, वीजबिल, कपडे, केरवारा हे महिन्याभरात अंगवळणी पडतं. त्याची धास्ती घेऊ नका. खरी मेहनत एका प्रश्नापायी होते: उद्या सकाळी दहापर्यंत तुम्ही कोणाला दिसला नाहीत, तर दार कोण वाजवेल? मला याचं उत्तर जमवायला चार वर्षं लागली. तुम्ही पहिल्या महिन्यात जमवा.

पायरी १: घराआधी गल्ली बघा

एजंट घर दाखवतो रविवारी सकाळी अकराला. त्या वेळी कुठलीही गल्ली शहाण्यासारखीच दिसते. घर आवडलं तर मंगळवारी रात्री साडेनऊला परत जा, चालत. बसस्टॉपपासून फाटकापर्यंत दिवे लागलेत का, कुत्री किती, कोपऱ्यावरचं किराणा दुकान उघडं आहे का. औषधाचं दुकान पाच मिनिटांच्या अंतरावर हवं, आणि ते घरपोच गोळ्या पाठवत असेल तर भाडं थोडं जास्त पडलं तरी मी तेच घर घेईन. जवळ एक साधा फॅमिली डॉक्टरही शोधा, ज्याच्या दवाखान्यात बाकं आहेत आणि दुसऱ्या खेपेला कंपाउंडर तुम्हाला नावानं ओळखतो. मोठं हॉस्पिटल लांब असलं तरी चालतं, हा दवाखाना लांब चालत नाही.

मग जिना चढून मजल्यावर जा आणि दारांबाहेरच्या चपला मोजा. हसू नका. पुण्यात अशा कितीतरी इमारती आहेत की मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले दोन परदेशातल्या मंडळींनी घेऊन ठेवलेले, एकाचं भाडेकरू मिळत नाही म्हणून कुलूप, आणि चौथा तुमचा. एजंट म्हणतो, 'मॅडम, एकदम शांत मजला.' शांत म्हणजे तिथं तुमच्या हाकेला ओ द्यायला कोणी नाही. ज्या मजल्यावर लहान मुलांच्या चपला आणि एखादी म्हातारपणाची काठी दिसेल, तो घ्या. गोंगाट होईल. होऊ दे.

पायरी २: 'फॅमिलीलाच देतो'

हे वाक्य तुम्ही ऐकणार आहात, मुलगे असाल तरी आणि मुली असाल तरी. मुलांना ते दारू आणि दंग्याच्या नावाखाली ऐकवतात, मुलींना काळजीच्या. एका मालकांनी मला माझ्या वडिलांचा फोन नंबर मागितला, तेव्हा मी ३१ वर्षांची होते आणि पगाराची स्लिप समोर ठेवली होती. पहिल्या सोसायटीत तर वॉचमनकडे माझ्या पाहुण्यांसाठी वेगळी वही होती. सहा महिन्यांनी ती दिसली. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, 'अहो, तुमच्या काळजीपोटीच.' मी म्हटलं, मग सगळ्यांचीच काळजी करा, वही एकच ठेवा. वही बंद झाली. भांडण मात्र वर्षभर टिकलं, हेही सांगून ठेवते.

नाही म्हणणाऱ्या मालकाशी वाद घालत बसू नका, वेळ जातो. हो म्हणणाऱ्याला आधीच विचारून घ्या: पाहुणा रात्री राहिला तर चालेल का, फाटक किती वाजता बंद होतं, घरात मांस-मच्छी शिजवलेली चालते का. शेवटचा प्रश्न लाजून टाळलात तर पुढे फोडणीचा वास सगळं सांगतोच. आधीच्या घरमालकाचं चार ओळींचं पत्र असेल तर सोबत न्या. त्याचा उपयोग पगाराच्या स्लिपेपेक्षा जास्त होतो.

करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा असतो, बहुतेक ११ महिन्यांचा. '११ महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदवलेला हवाच, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो, एजंट घरी यंत्र घेऊन येतो. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क कराराच्या काळातल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. अनामत असेल तर त्यात थोडी भर पडते. एजंट याहून फारच मोठा आकडा सांगत असेल तर उरलेली त्याची मजुरी आहे, ती ठरवून घ्या. भाडेकरू म्हणून पोलिसांकडे नोंद होते, ती टाळू नका. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी भाड्याच्या घराला जो ना-वापर आकार लावते तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि तो कोणी भरायचा ते करारात लिहून घ्या. सामान लावण्याआधी भिंती, नळ, फरशी यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढून मालकाला पाठवून द्या. अनामत परत घेताना तोच साक्षीदार.

पायरी ३: किल्ली आणि कडी

इथे जरा थांबते, कारण ही पायरी मी स्वतः चुकले होते.

चौथ्या वर्षी, जुलैत, मला डेंग्यू झाला. तेव्हा डेंग्यू आहे हे माहीत नव्हतं, नुसता ताप होता. घराची दुसरी किल्ली तळमजल्यावरच्या काकूंकडे होती, त्यामुळे मी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पॅसेजमध्ये बसले ती बसलेच. दाराला अडकवलेल्या पिशवीत दोन दिवसांचं दूध तसंच होतं. ते काकूंनी पाहिलं, बेल वाजवली, फोन केला, मग किल्ली लावली. किल्ली फिरली, दार उघडेना. मी रात्री आतून कडी घातली होती. दार आणि मी यांच्यात बारा फूट अंतर असेल. ते बसल्या बसल्या सरकत कापायला आणि कडी काढायला किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण काकूंनी तेवढ्यात वॉचमनला सुतार शोधायला पिटाळलं होतं. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात किल्ली तशीच होती. 'काय उपयोग हिचा?' एवढंच त्या म्हणाल्या.

तर नियम असा. एकटं राहणाऱ्यानं दाराला आतून कडी लावू नये, लॅच लावावं. म्हणजे असं कुलूप, जे आतून बंद असलं तरी बाहेरून किल्लीनं उघडतं. दुकानदाराला नेमकं हेच वाक्य विचारा, दाखवायला सांगा. काही लॅचना आत एक बारीक खटका असतो, तो दाबला की बाहेरची किल्ली चालत नाही. त्या खटक्याला हात लावायचा नाही. काही कुलुपांत आतून किल्ली अडकवून ठेवली तरी बाहेरची लागत नाही, म्हणून आतली किल्ली खुंटीवर. जाळीच्या दारालाही हेच लागू. 'मग चोर?' असं आई विचारेल. चोराला किल्ली लागेल, आणि दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे आणि काकूंकडे आहेत.

न्हाणीघराची कडीसुद्धा लावू नका. घरात दुसरं कोण आहे? फोन आत नेऊन हाताला येईल अशा फळीवर ठेवा, आणि पायाखाली न सरकणारं पायपुसणं. पडणं हे फक्त म्हाताऱ्यांचं काम नाही, साबणाचं पाणी वय विचारत नाही.

लॅचची एक खोड आहे. वाऱ्यानं दार आपोआप बंद होतं. कचरा ठेवायला दोन पावलं बाहेर आलात, धाडकन आवाज, आणि तुम्ही गाउनमध्ये, बिनफोनचे, जिन्यात. हे प्रत्येकाचं एकदा होतंच. म्हणजे दुसरी किल्ली नुसती आजारपणाला लागत नाही.

ती कोणाला द्यायची? वाकडला राहणाऱ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला नको, तिला यायला पाऊण तास लागेल. दोन मिनिटांत चपला न घालता येऊ शकेल अशा माणसाला. पायपुसण्याखाली, चपलांच्या कपाटात, कुंडीत तर नकोच, तेवढं चोरांनाही कळतं. मागताना आजारपण, एकटेपण असलं जड काही काढू नका. 'काकू, मी विसराळू आहे, एक किल्ली ठेवाल का?' बस्स. सोबत डबा न्या, रिकाम्या हातानं जाऊ नका.

किल्लीच्या जोडीला हजेरी लागते. आम्ही चौघं जणं, पुण्यातच वेगवेगळ्या टोकांना एकटी राहणारी, सकाळी नऊपर्यंत एका ग्रुपवर काहीतरी टाकतो. चहाच्या कपाचा फोटो, नुसतं टिंब, शिवी, काहीही. साडेदहापर्यंत एखाद्याचं आलं नाही तर फोन. अकरापर्यंत फोन उचलला नाही तर त्याच्या किल्लीवाल्याला फोन. ग्रुपचं नाव 'हजेरी' असंच आहे. सहा वर्षांत खोटी घंटा बऱ्याचदा वाजली, खरी दोनदा.

ही अतिकाळजी वाटत असेल तर जपानकडे बघा. तिथल्या २०२० च्या जनगणनेत ३८ टक्के घरं एकट्या माणसाची निघाली. घरात एकट्यानं मरून पडणं आणि कोणाला पत्ताच नसणं, यासाठी त्यांच्या भाषेत 'कोदोकुशी' असा स्वतंत्र शब्द आहे. २०२४ या एका वर्षात एकट्यानं राहणारी सुमारे ७६ हजार माणसं घरात मृत सापडली, असं तिथल्या पोलिसांनीच मोजलं, आणि त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची होती. २०२१ मध्ये त्यांनी एकाकीपणासाठी मंत्रीही नेमला, ब्रिटननं तर २०१८ मध्येच. आपल्याकडे मंत्री नाही. आपल्याकडे अजून काकू आहेत, दूधवाला आहे, आणि पुण्यात ओला-सुका कचरा न्यायला रोज दारात येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई आहेत. माझ्याकडे येणाऱ्या ताईंना माझी दिनचर्या सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त ठाऊक आहे. 'परवा बादली बाहेर नव्हती, गावाला गेलता का?' हे विचारणारं माणूस महिन्याच्या शुल्कात मिळतं. त्यांचं नाव विचारून घ्या, दिवाळीला विसरू नका.

पायरी ४: एका माणसाचा स्वयंपाक

सगळी भांडी चार माणसांसाठी बनवलेली असतात आणि सगळ्या आया पाच माणसांचं प्रमाण शिकवतात. पाच लिटरचा कुकर आईनं दिला असेल तर माळ्यावर टाका, दीड लिटरचा घ्या. तांदूळ अर्धी वाटी. डाळ मूठभर. भाजी पाव किलो, दोन वेळची. कोथिंबिरीची जुडी एकट्याला संपत नाही. आणल्या आणल्या निवडा, न धुता कागदात गुंडाळून डब्यात घाला, आठवडा निघतो. आल्या-लसणाचं वाटण आणि सोललेले मटार फ्रीझरमध्ये. कणीक एकदा भिजवून दोन दिवस पुरवाल, तिसऱ्या दिवशी ती काळी पडते आणि तुमचं मनही. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, दोन पोळ्या विकत आणल्यानं कोणाची लाज जात नाही.

गॅसची जोडणी मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांहून जुनी असेल तर बदला. रात्री रेग्युलेटर बंद. वास आला की 'अगं, गॅस!' म्हणून ओरडणारं घरात दुसरं कोणी नाही, हे लक्षात ठेवा.

पहिलं वर्ष मी ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच जेवत होते. ताट घ्यायचं कोणासाठी? मग एकदा आई येऊन राहिली. तिनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी जाऊन एक पाट, एक ताट, दोन वाट्या घेऊन आली. काही बोलली नाही. त्या ताटात डावी-उजवी बाजू भरायची म्हणून मी कोशिंबीर करायला लागले. उपदेश नाही करत, पण ताट घ्या.

घरात कायम असावं: तांदूळ, मेतकूट, लिंबाचं लोणचं, गूळ, क्षारसंजीवनीच्या चार पुड्या. ताप आलेल्या माणसाला एवढ्यावर दोन दिवस काढता येतात.

पायरी ५: आजारपणाची तयारी, धडधाकट असताना

एक फाइल करा, रंग भडक. त्यात रक्तगट, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत, आधारची प्रत, दोन माणसांचे फोन. फ्रीजच्या बाजूला टांगा आणि किल्लीवाल्या काकूंना दाखवून ठेवा. मोबाईलमध्ये लॉक न उघडता दिसणारं इमर्जन्सीचं पान भरा. बऱ्याच फोनमध्ये पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, तुमच्या फोनमध्ये किती वेळा दाबायचं ते आजच बघा. नंबर दोनच पाठ करा: ११२ कुठल्याही संकटाला, १०८ रुग्णवाहिकेला.

पावसाळ्यात ताप आला की दुखण्यावरच्या इतर गोळ्या मनानं घेऊ नका, पॅरासिटामॉल तेवढी घ्या आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. डेंग्यूत ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे मला नंतर कळलं.

हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, 'सोबत कोण?' दुसरा, 'नातेवाईक कोण सही करणार?' हा प्रश्न माणसाला तापापेक्षा जास्त खचवतो. तुम्ही सज्ञान आणि शुद्धीवर असाल तर उपचाराला तुमची स्वतःची संमती पुरते, आणि जीव धोक्यात असेल तर सहीवाचून उपचार अडवायचे नसतात. हे शांतपणे सांगा. तरी धावपळ करायला, पैसे भरायला, डॉक्टरांचं बोलणं ऐकायला दुसरं माणूस हवंच. त्यासाठी एका मैत्रिणीशी आधीच ठरवून ठेवा: माझ्यासाठी तू, तुझ्यासाठी मी. असं सरळ विचारायला अवघड वाटतं. मी सिंहगडावर पिठलं-भाकरी खाताना विचारलं, तिच्या तोंडात घास होता, नाही म्हणता आलं नाही.

पैशाचं एवढंच: दुसऱ्याचा पगार घरात येत नाही, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा.

आणि फोन. 'मी पोलिसांतून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेरा चालू ठेवा, कोणाला सांगू नका.' हा सापळा एकट्या माणसाला बरोबर पकडतो, कारण 'अहो, ठेवा तो फोन!' म्हणणारं शेजारी कोणी नसतं. डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यातच नाही. 'कोणाला सांगू नका' असं जो म्हणेल त्याचा फोन ठेवा आणि लगेच कोणाला तरी सांगा. पैसे गेलेच तर तातडीनं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पायरी ६: माणसं

एकटं राहण्यातली सगळ्यात वाईट वेळ रविवारी संध्याकाळी चार ते सात. शनिवार झोपण्यात आणि धुण्यात जातो, सोमवारी ऑफिस असतं. रविवारी संध्याकाळी समोरच्या घरातून कांदेपोह्यांचा वास येतो आणि आपल्याला दिवसभरात कुरियरवाल्याखेरीज कोणाशी बोललेलो नाही हे आठवतं. या तीन तासांना कायमचं काहीतरी बांधून टाका. मी वेताळ टेकडीवर जाते, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेनं. वेळ ठरलेली असली की तोंडं ओळखीची होतात. आधी मान हलते, मग 'काल दिसला नाहीत' सुरू होतं, मग कोणीतरी खिशातून शेंगदाणे काढतं. यातले दोघं आज माझ्या फोनमध्ये आहेत. वाचनालय, भजनी मंडळ, गाण्याचा क्लास, काहीही चालेल. फक्त तिथं तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटायला हवीत. एकेका वेळच्या कार्यक्रमांना जाऊन गर्दी मिळते, ओळख मिळत नाही.

नाटकाला एकट्यानं जा. एक तिकीट मागितलं की खिडकीवरचा माणूस क्षणभर बघतो, दोन मोठ्या घोळक्यांच्या मधली उरलेली चांगली खुर्ची तुम्हाला मिळते. सवाई गंधर्व महोत्सवात तर भारतीय बैठकीवर एकटी आलेली इतकी माणसं असतात की मध्यंतरापर्यंत कोणाच्या तरी डब्यातला मेथीचा ठेपला आपल्या हातात येतो.

सण मात्र अवघड. आपले सण जोडप्यांचे आणि घराण्यांचे. पहिल्या संक्रांतीला आमच्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. मजल्यावरच्या सगळ्या बायका नटून माझ्या दारावरून खाली गेल्या. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, त्यांच्या यादीत माझ्यासाठी रकानाच नव्हता. सवाष्ण नाही, कुमारिका म्हणून पाय धुवायच्या वयाची नाही. पुढच्या वर्षी मी स्वतः तिळगूळ केला आणि सगळ्यांना बोलावलं: लग्न झालेल्या, न झालेल्या, नवरा गेलेल्या, नवरा सोडलेल्या. वाण म्हणून कोथिंबीर ठेवायचे डबे दिले. तळमजल्यावरच्या काकू विधवा आहेत, नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कोणी संक्रांतीला बोलावलं होतं. किल्ली त्यांच्याकडे गेली ती त्यानंतर. बोलावणं येत नसेल तर आपण करावं, एवढाच यावर उपाय मला सापडलाय. गणपतीत सोसायटीच्या आरतीचं एका दिवसाचं यजमानपद मागून घ्या. दिवाळीला गावी जाणार नसाल तर ते आधीच ठरवून आणखी एका न जाणाऱ्याला जेवायला बोलवा. ऐनवेळी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ठरवायला गेलात तर फार जड जातं.

पुरुषांसाठी वेगळं लिहायला हवं, कारण ऑफिसातल्या त्या मित्राला डबा घेऊन शेजारी जायला अजून जमत नाही. 'लोक काय म्हणतील, एकटा पुरुष दारात उभा?' हा त्याचा प्रश्न खोटा नाही. त्यानं दुसरी वाट काढली. रोज सकाळी एकाच टपरीवर, एकाच वेळी चहा. महिन्याभरात टपरीवाल्याकडे त्याचा नंबर होता आणि टपरीवरच्या एका निवृत्त मास्तरांकडे त्याची किल्ली.

'लग्नाचं काय?', 'कंटाळा नाही येत?', 'म्हातारपणी कोण बघणार?' या प्रश्नांना उत्तरं तयार करत बसू नका. विचारणारे निम्मे लोक खरंच काळजीनं विचारतात, त्यांना चहा द्या. उरलेल्यांनाही चहाच द्या, फक्त कमी साखरेचा. पण मन खरंच उतरत असेल, झोप उडाली असेल, आठवडे तसेच जात असतील, तर टेकडी आणि तिळगूळ यांनी भागत नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पायरी ७: कागद

कंटाळवाणं आहे, एका रविवारात उरका. बँक, भविष्यनिर्वाह निधी, विमा, सगळीकडे नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण बँकेतला नॉमिनी पैशाचा मालक नसतो, तो पैसे हातात घेऊन वारसांना देणारा. मालक कोण ते मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर कायदा.

कायदा काय ठरवतो ते ऐकून माझ्या दोन मैत्रिणी त्याच आठवड्यात वकिलाकडे गेल्या. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेल्या विधवेनं स्वतः कमावलेलं घर, मृत्युपत्र नसेल तर, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर. आईवडिलांकडून वारशानं आलेली मालमत्ता तेवढी वडिलांच्या वारसांकडे परत जाते. ज्या दिरानं दहा वर्षं फोन केला नाही तो कायद्यानं पुढे. हे नको असेल तर साध्या कागदावर मृत्युपत्र करा. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार लागतात आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नसावं. शेवटच्या आजारात यंत्रांवर किती काळ ठेवायचं हेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही पुरते. कागद कुठे आहेत ते एकाला तरी माहीत हवं. माझे पहिल्यांदा पिठाच्या डब्यामागे होते. पिठाला जाळी झाली तेव्हा कागदांनाही झाली.

गावाकडच्या घरात

हे सगळं लिहून झाल्यावर भाची म्हणाली, 'मावशी, आजीचं काय?' बाबा गेल्यापासून आई लातूरला एकटीच असते, आणि तिच्या दाराला आतून दोन कड्या आहेत, एक खाली, एक वर. वरच्या कडीसाठी ती स्टुलावर चढते. गेल्या महिन्यात जाऊन मी वरची काढून टाकली आणि लॅच बसवलं. आठवडाभर तिनं अबोला धरला.

तुमचे आईवडील गावी एकटे असतील आणि तुम्ही पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत असाल, तर त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर असून भागत नाही. तुमच्या फोनमध्ये त्यांच्या समोरच्या घरातला, औषधाच्या दुकानातला आणि रिक्षावाल्याचा नंबर हवा. सकाळी आठला त्यांच्याकडून एक मिस्ड कॉल, तीच हजेरी. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. गावात ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर वर्गणी तुम्ही भरा, पहिल्या दिवशी सोबत जा, बाकी ते स्वतः बघतात.

माझ्याकडे सध्या वेगळीच पंचाईत आहे. काकू पुढच्या महिन्यात लेकीकडे ऑस्ट्रेलियाला जाताहेत, चांगल्या सहा महिन्यांसाठी. जाताना किल्ली परत देणार. समोरच्या फ्लॅटमध्ये परवाच दोन मुलगे राहायला आलेत, एमपीएससीची तयारी करतात, दाराबाहेर चपलांचे चार जोड असतात आणि रात्री दोनपर्यंत दिवा चालू. अजून नावंही माहीत नाहीत. उद्या सकाळी पोहे घेऊन जाते.